एका केळ्याचं गाव

परदेशी जाऊन आलेल्या माणसानं आधी विमानाबद्दल लिहावं असा रिवाज आहे. माझं विमान दोन ओळींत संपतं. मुंबईहून लंडनला जाताना मी दोनदा ओकले आणि उरलेला वेळ डोळे मिटून बसले. खिडकीतून काय दिसतं ते मला विचारू नका. ते शेजारच्या बाईंनी पाहिलं, आणि मला नको असताना सांगितलंही.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. ज्या दोन म्हाताऱ्यांमुळे तो प्रवास माझ्या लक्षात राहिला, ते दोघेही आता नाहीत. एक यावलजवळच्या खेड्यातला, माझा बाप. दुसरा स्कॉटलंडच्या एका बंदरातला. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण माझ्या आठवणीत ते एकाच बाकावर बसलेले असतात.

यावलची गाडी

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यात आरोग्य पर्यवेक्षिका होते. नर्सिंग धुळ्याला शिकले, नोकरी जळगावला लागली, आणि संसारही तिथेच मांडला. खेड्यांतल्या नर्सबाई घरोघर जातात का, बाळांना डोस मिळतात का, थुंकीचे नमुने वेळेवर पोचतात का, हे बघत एस.टी.नं हिंडायचं हे माझं काम. एक्क्याण्णव सालच्या पावसाळ्यात ऑफिसात एक पत्र आलं. स्कॉटलंडमधली एक संस्था आपल्याकडच्या एका नर्सला सहा आठवडे बोलावत होती. तिकडच्या नर्सबाई घरभेटी कशा देतात ते तिनं बघायचं होतं. माझ्याआधी यादीत दोघी होत्या. एकीच्या सासूनं नाही म्हटलं, दुसरीचा पासपोर्ट वेळेत आला नाही. उडदामाजी काळे-गोरे काय निवडावे, असं म्हणून साहेबांनी माझ्या नावावर सही केली.

निघायच्या आधीच्या रविवारी मी गावी गेले, आबांना भेटायला. आबा म्हणजे माझे वडील. यावलच्या पुढे चार मैलांवर आमचं गाव. गावाच्या कडेला बौद्धवाडा आणि वाड्याच्या तोंडाशी आबांचं दोन खणांचं घर. आबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत काढला. कंद लावले, पाणी दिलं, घड कापले आणि खांद्यावरून ट्रकपर्यंत नेले. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझा भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात होता आणि तिथल्याच कॉलनीत राहायचा. त्यानं आबांना एकदा क्वार्टरवर नेलं होतं. पंधराव्या दिवशी आबा पिशवी घेऊन परत आले. काय बिनसलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "तथी मानसं दार लावून जेवतात."

आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. लेकरासाठी खाऊ, बाईसाठी चार बांगड्या, आणि म्हाताऱ्यासाठी बिडीचं बंडल आणि काडीपेटी. पहिल्या पगारापासून मी आबांसाठी दोन बंडलं नेत आले होते. बापाला लेकीच्या कमाईची बिडी ओढायला मिळाली, याचा त्यांना अभिमान होता आणि मलाही होता. सगळ्या वाड्याला ते बंडल दाखवत.

पण त्या वर्षी खोकला फार वाढला होता. थुंकी मी तीनदा तपासून घेतली आणि तीनही वेळा स्वच्छ आली. मग यावलला डॉक्टरांकडे छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा क्षय नाही, ही बिडी आहे. छाती जळत चालली आहे. सुटली नाही तर दोन-तीन हिवाळे निघतील, जास्त नाही. शेवटी म्हणाले, तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं खातंच ते.

मी सांगितलं नाही. परक्या बायांना अंगणात बसवून मी शंभर गोष्टी सांगत असे, पण बापासमोर जीभ उचलत नव्हती. आमच्यात लेक बापाला 'हे सोडा' म्हणत नाही. त्या रविवारीही मी पिशवीतून दोन बंडलं काढून त्यांच्या हातात ठेवली. आबांनी बंडल नाकाशी नेलं, हुंगलं, आणि म्हणाले, "लवकर येजो, पोरी." दोनची गाडी चुकू नये म्हणून मी जेवले नाही. रविवारी मी अशीच बाराच्या गाडीनं यायची आणि दोनच्या गाडीनं जायची.

बंदर

ट्रंकेत मी कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स घेतले होते. लंडनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं पिठाची पिशवी उघडली. कळण्याचं पीठ म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं, करड्या रंगाचं. त्यानं ते हुंगलं, दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की हे खायचं आहे, हवं तर तवा द्या, भाकरी करून दाखवते. तिसरा माणूस वयानं मोठा होता. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि मला जाऊ दिलं. बहुधा दया आली असावी.

गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांनी मला जीव लावला, आणि मी लिहिणार आहे त्यातलं काही त्यांना चारचौघांत आवडणार नाही. समुद्राकाठचं गाव, बारीक पाऊस, दगडी चार मजली इमारती. एके काळी तिथे जहाजं बांधत. कारखाना बंद पडून काही वर्षं झाली होती, पण ओझी उचलायच्या उंच याऱ्या अजून उभ्या होत्या आणि गावातल्या कुठल्याही गल्लीतून दिसायच्या. रस्त्याच्या कोपऱ्यावर पन्नाशीचे धडधाकट पुरुष खिशात हात घालून उभे असत. आपल्याकडे एस.टी. स्टँडवर माणसं उभी असतात तसे, पण यांना कुठली गाडी पकडायची नव्हती.

पहिला आठवडा तिथल्या नव्या नर्सेसबरोबर वर्गात गेला. एक पिकल्या केसांचे डॉक्टर आम्हाला शिकवायला होते. त्यांनी भिंतीवर युरोपचा नकाशा लावला होता आणि जिथे माणसं हृदयविकारानं लवकर जातात तिथे गडद रंग दिला होता. खाली दक्षिणेला रंग फिका होता. तिथे माणसं तेल, भाजी, मासळी खातात, असं ते म्हणाले, आणि एकत्र बसून सावकाश खातात. वर जावं तसा रंग गडद होत गेला. आमच्या बंदरावर तर जणू शाईची दौत सांडली होती. मी आयुष्यभर जंतूंशी भांडत आले. जुलाब, क्षय, हिवताप. इथे माणसं जंतूंनी मरत नव्हती, स्वतःच्या सवयींनी मरत होती. सिगारेट, दारू, चरबी, मीठ, बसून राहणं. मग डॉक्टर म्हणाले की ही झाली हातानं केलेली कामं. आता त्या हाताला कोण ढकलतं ते शोधा. बंद कारखाना, ओल आलेलं घर, एकटेपण.

मी सगळं वहीत उतरवलं. 'एकटेपण' या शब्दापुढे मात्र प्रश्नचिन्ह काढलं. एकटेपण हा आजाराला हातभार लावणारा प्रकार कसा, हे मला पटेना. आमच्याकडे दोन मिनिटं एकटं बसावं म्हटलं तर मिळत नाही.

खाण्याबद्दल थोडं. सकाळी नर्सेसच्या होस्टेलवर पाव मिळायचा, तो चरबीत तळलेला. दुपारी तळलेला मासा आणि तळलेले बटाटे, आणि कोणी कोणी तेच बटाटे पावात घालून खात. पहिल्या दिवशी मला ते आवडलं, हे कबूल करते. चौथ्या दिवशी हिरवी भाजी कुठे दिसते का म्हणून मी दुकानं धुंडाळत होते. भाजी होती, पण मोजून ठेवलेली आणि महाग. तळलेले बटाटे मात्र गरमागरम, स्वस्त आणि पोट भरणारे. थंडीत भिजून आलेला, काम नसलेला माणूस काय घेईल ते सांगायला डॉक्टर नको.

वर्ग संपल्यावर मला मॉरीनकडे सोपवलं. मॉरीन तिथली घरोघर जाणारी नर्स. पन्नाशीची, तांबड्या केसांची, भराभर चालणारी. मी तिला पहिल्या दिवसापासून मॉरीनताई म्हणत असे आणि तिनं त्याचा अर्थ विचारून घेऊन मान्यता दिली होती. तिचे नियम तीन. कोणाच्या घरी चहा घ्यायचा नाही. कोणाला काही द्यायचं नाही. कोणाकडून काही घ्यायचं नाही. दुसरा आणि तिसरा मला समजले. पहिला गळ्याखाली उतरेना.

त्याला कारण होतं. आमच्या घरचं पाणी लोक प्यायचे नाहीत, ते दिवस मी पाहिले आहेत. नोकरीतही काही गावांत मला ओंजळीत वरून पाणी मिळालं आहे. म्हणून मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की आपल्याला कोणी पाणी दिलं, चहा दिला, तर नाही म्हणायचं नाही. तो कोण, घर कसं, कप कसा, काही बघायचं नाही. हे मॉरीनताईला सांगायला माझं इंग्रजी पुरलं नाही, तेव्हा मी मान डोलावली.

त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात मी ते पाहिलं. सपाट टोपी घातलेला एक उंच म्हातारा केळ्यांच्या टोपलीपाशी आला. फणी उचलली, उलटसुलट केली, तिच्यातलं एक केळं मोडून घेतलं आणि बाकीची फणी परत ठेवली. दुकानदारानं ते एक केळं वजनात घातलं, म्हाताऱ्यानं पैसे दिले, केळं कोटाच्या खिशात टाकलं आणि गेला.

मी यावलकडची. आमच्याकडे केळीचा घड असतो, फणी असते, ट्रक असतो. दारावरून जाणाऱ्याला हाक मारून डझनभर केळी हातात कोंबतात. जगात कोणी एक केळं विकत घेतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडं टाकून त्या माणसाकडे बघत राहिले. मॉरीनताई म्हणाली की हा आर्ची, आपल्याच यादीतला. जहाजांवर पत्रे जोडायचा. हृदयाचा एक झटका येऊन गेला आहे, बायको मेली आहे, दिवसाला वीस-पंचवीस सिगारेटी ओढतो आणि चार महिन्यांत त्यानं तिला एकदाही आत घेतलेलं नाही.

दाराची साखळी

आम्ही त्याच्याकडे गेलो. तिसरा मजला. दार उघडलं ते चार बोटं, मध्ये साखळी. फटीतून एक डोळा, धूर आणि निळं सिगारेटचं पाकीट दिसलं. मॉरीनताईनं त्याला साफ सांगितलं की अशानं तू मरशील. मला तिचं कौतुक वाटलं, बापाच्या वयाच्या माणसाला ती असं तोंडावर बोलू शकते म्हणून. तो म्हणाला की सगळं ठीक आहे, आणि दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक तापाचं बाळ होतं. मॉरीनताई तिथे अडकली. तिनं मला वर पाठवलं. दार वाजव, गोळ्या घेतो का विचार आणि परत ये, एवढंच काम. ती बाळापाशी गेली आणि मी मात्र जिना चढायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

आता हे कसं सांगावं कळत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या दारी एकटीनं जायचं, पहिल्यांदाच, आणि हात रिकामे. माझ्या डोक्यात वर्गातला नकाशा होता, वहीतली यादी होती, पण पायांना आणि हातांना सवय होती यावलची. मी निळं पाकीट मागितलं, काडीपेटी मागितली, पैसे दिले आणि जिना चढले. हृदयाचा झटका आलेल्या माणसाला आरोग्य खात्याच्या बाईनं सिगारेटी नेल्या. हसा हवं तर, मीही आता हसते.

फटीतून मी पाकीट पुढे केलं. त्या डोळ्यानं आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कोटावरच्या नर्सच्या बिल्ल्याकडे. मग आतून हसू आलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो भिंतीला टेकला, आणि त्यातच त्यानं साखळी काढली.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक टीव्हीसमोर. दुसरीवर वर्तमानपत्रांची थप्पी. मोरीपाशी एक बशी, एक कप, एक काटा वाळत घातलेला. त्यानं माझ्यासाठी कपाटातून दुसरा कप काढला आणि तो आधी कोटाच्या बाहीनं पुसला, कारण त्याच्यावर धूळ बसली होती. मी तो चहा प्याले. नावानं हाक मारणं जिवावर आलं म्हणून मी त्याला आर्चीनाना म्हटलं. त्यावर तो पुन्हा हसला. त्यांच्याकडे नाना म्हणजे आजी.

मी विचारलं त्याहून जास्त तो बोलला. जहाजाच्या कारखान्यात दहाचा भोंगा वाजला की त्याची अख्खी टोळी वाऱ्याच्या आडोशाला जमायची आणि एका काडीवर सहा जण सिगारेट पेटवायचे. मी म्हटलं, आमचे आबा पण. केळीच्या बागेत घड भरून झाले की बांधावर बसून एका काडीवर तीन बिड्या. काडी वाचते आणि गोष्ट सुरू होते. त्याच्या टोळीतले चार गेले होते, एक दूरच्या शहरात होता. मुलगी कॅनडात. आबांच्या बांधावरचे बाकीचे दोघंही गेले होते, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

मी फॉर्म काढला. सिगारेट किती, दारू किती, तळलेलं किती, चालणं किती. त्यानं सगळी उत्तरं खरी दिली. शेवटचा प्रश्न होता, जेवता कोणाबरोबर. त्यानं हनुवटीनं टीव्हीकडे दाखवलं. मी तसंच लिहिलं.

मग त्यानं विचारलं, "आणि तुझा बाप? तो कोणाबरोबर जेवतो?"

"आमच्याकडे कोणी एकटं जेवत नाही," मी म्हटलं.

सहा आठवड्यांत माझ्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात स्वच्छ इंग्रजी वाक्य. मी ते वर्गात, होस्टेलवर, बसमध्ये इतक्यांदा बोलून चुकले होते की ते आपोआप आलं.

त्यानं माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "मग तुझा बाप श्रीमंत आहे, पोरी."

मी तो चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली.

मोटारीत

मॉरीनताईला पाकिटाचं कळलं, कारण मीच सांगितलं. ती मोटारीत बसली होती, किल्ली हातात. तिचा चेहरा केसांइतका तांबडा झाला. ती म्हणाली की चार महिने मी या माणसाला वाचवायला जिने चढतेय आणि तू त्याला त्याचं मरण भेट म्हणून देऊन आलीस. मला वाटलं, आता आपल्याला परत पाठवणार. जळगावला साहेबांना काय तोंड दाखवायचं, याचा मी विचार करू लागले.

मग मी तिला आबांचं सांगितलं. दर भेटीला दोन बंडलं. डॉक्टरांनी दाखवलेला फोटो. ती म्हणाली, "किती वर्षं नेतेस?"

"सोळा."

"आणि त्याला सांगितलंस कधी, सोड म्हणून?"

"आमच्यात बापाला असं सांगत नाहीत."

तिनं किल्ली लावली नाही. समोरच्या काचेवर पाऊस जमत होता. तिनं माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "आमच्यात सांगतात," ती म्हणाली. "मी सांगितलं. त्यानं मला दार उघडलं नाही." मग म्हणाली की पुढच्या वेळी दोघी मिळून जाऊ, तू दार उघड, मी सांगते.

वांगी

त्या पुढच्या वेळी मी सिगारेटऐवजी वांगी नेली. एका पंजाबी माणसाच्या दुकानात मिळाली. काळपट जांभळी, गुळगुळीत, दिसायला श्रीमंत आणि चवीला फिकी. आमच्याकडच्या बामणोद गावच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांची त्यांना सर नाही. तिकडे वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, इथे आर्चीनानांची गॅसची शेगडी. लाकडी बडगीत कुटायचं भरीत मी पातेल्यात बटाटे कुस्करायच्या पळीनं कुस्करलं. मिरची, लसूण, कांद्याची पात. कळण्याची भाकरी थापली तेव्हा दोघं माझ्या हातांकडे बघत उभे होते.

खोलीत इतका धूर झाला की खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि खालच्या मजल्यावरची बाळाची आई आग लागली की काय म्हणून धावत वर आली. तिलाही बसवलं. आर्चीनानांनी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं. मॉरीनताईनं नियम मोडून एक घास खाल्ला, मग दुसरा, मग ताट ओढलं. जेवताना तिनं त्यांना सिगारेटबद्दल पुन्हा सांगितलं, तितकंच तोंडावर. या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं एकत्र जेवतात, तिथे येऊन तर बघ, असंही ती म्हणाली. बघू, म्हणाले.

"तुझा बाप हे रोज खातो?" त्यांनी मला विचारलं.

मी घास तसाच हातात धरून बसले. आबांना भरीत फार आवडायचं. पण ते करून कोण देतं? शेजारच्या अक्का भाकरी आणून देतात, ती आबा केव्हा खातात, कुठे बसून खातात? आणि मी त्यांच्या शेजारी बसून शेवटची कधी जेवले? मी आठवत राहिले. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. म्हणजे तीन वर्षांपूर्वी. दर रविवारी बाराची गाडी, दोन बंडलं, दोनची गाडी. मी बापाला बिड्या देत होते कारण त्या देऊन लगेच उठता येत होतं. हे मला पाच हजार मैलांवर, परक्या माणसाच्या खोलीत समजलं, आणि मला माझी लाज वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. आर्चीनानांनी ते निळं पाकीट माझ्या हातात परत दिलं. त्यात तीन कमी होत्या. "हे तुझ्या बापाला नेऊ नकोस," ते म्हणाले. मी ते बंदरावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

परत

जळगावला उतरले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी यावलची गाडी धरली. थंडी सुरू झाली होती, बामणोदची वांगी बाजारात आली होती. पिशवीत वांगी, कांद्याची पात, पीठ. यावलच्या स्टँडवर पानाच्या टपरीवाल्यानं मला बघून सवयीनं दोन बंडलं पुढे केली. मी नको म्हटलं तर त्याला वाटलं आबा गेले. तो बिचारा उठून उभा राहिला. त्याला समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली.

आबा दारात बसले होते. वाळले होते. मला बघून चेहरा उजळला आणि सवयीनं हात पुढे झाला. मी त्या हातात हात दिला आणि आत गेले.

आतलं घर मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी नीट पाहिलं. बुद्धाच्या तसबिरीखाली फळी. फळीवर एक ताट, एक पेला. अक्कांनी दिलेली अर्धी भाकरी फडक्यात. आणि तिच्या शेजारी अर्धं केळं, साल नीट दुमडून झाकून ठेवलेलं, संध्याकाळसाठी. आमच्या दारावरून केळीचे ट्रक जातात.

मग बाहेर येऊन त्यांच्या समोर बसले आणि सोळा वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. छातीच्या फोटोचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, बिडी सोडा म्हटलं. आबा खाली बघून ऐकत होते.

"म्हनून आनली नही?" त्यांनी विचारलं.

"नाही आणली. आता आणणार पण नाही. मीच येत जाईन, जेवायला. संध्याकाळच्या गाडीनं जात जाईन."

आबांनी मान वर केली. रागावले नव्हते. मग हळूच म्हणाले, "बिडी आनाले सोपी व्हती, पोरी."

आम्ही अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. वास वाड्यात गेला तशा अक्का कांदा घेऊन आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं. "बठ्ठे बसा," आबा सगळ्यांना म्हणाले. दार उघडंच होतं.

बिडी एकदम सुटली नाही, खोटं कशाला सांगू. दिवसाला दोनावर आली, आणि त्या दोन कोण आणून देतं ते आबांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. डॉक्टरांनी दोन-तीन हिवाळे म्हटले होते. आबांनी पाच काढले. पाच हिवाळे आम्ही रविवारी भरीत खाल्लं. आता वांगी बाजारात आली की मी घरी भाजते, पण गॅसवर, आणि खिडकी उघडताना मला ते दोघंही आठवतात.

पण त्या पहिल्या रविवारनंतर मला एक काम उरलं होतं. मी आर्चीनानांना पत्र लिहिलं आणि कबूल केलं की मी तुमच्याशी खोटं बोलले, माझा बाप एकटा जेवत होता. दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं. पुढच्या बाजूला बंदरातल्या याऱ्यांचं चित्र. मागे लिहिलं होतं की मंगळवारी हॉलमध्ये जातो, बटाटे बरे असतात. आणि खाली एक ओळ: मग आता तो कोणाबरोबर जेवतो?

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. रविवारी माझ्याबरोबर, असं लिहून पाकीट चिकटवलं आणि पोस्टापर्यंत गेले. पेटीपाशी थांबले. पाकीट फोडलं, आणि उभ्या उभ्या त्याच्याखाली लिहिलं: बाकीचे सहा दिवस अजून एकटेच.